कुत्रा पिसाळलाय का हे कसं ओळखायचं आणि पहिल्या शंकेपासून दहाव्या दिवसापर्यंत काय करायचं

"तोंडाला फेस कुठंय, पाणी पण पितोय की, मग कसला पिसाळलेला?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी सगळं एकदा नीट क्रमाने लिहायचं ठरवलं. मी वेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर नाही, की माणसांची डॉक्टर नाही. आमच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालणं, त्यांना पकडून लस आणि नसबंदीला नेणं हे काम बरीच वर्षं करतेय, आणि त्यात लोक त्याच त्या दोन चुका करताना बघतेय. पहिली चूक म्हणजे सगळे शेवटच्या अवस्थेची वाट बघतात, लाळ, फेस, धावून अंगावर येणं, आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस हातातून जातात. दुसरी चूक जास्त जीवघेणी आहे, कुत्रा चावला की "आधी कुत्र्याला काय होतंय ते बघू, मग इंजेक्शनचं बघू" असा उलटा क्रम लावतात.

थांबा: तुम्हाला किंवा घरात कुणाला चावा, ओरखडा झालाय म्हणून हे वाचत असाल तर आत्ता फोन ठेवा, जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि आजच्या आज दवाखान्यात जा. बाकीचं परत आल्यावर वाचा.

## तयारी: कुत्रा धडधाकट असतानाच करायची कामं

आजारी कुत्रा ओळखायचा तर तो बरा असताना कसा वागतो ते माहीत पाहिजे. गल्लीतली कुत्री कुठं झोपतात, कोण कुणाला घाबरतं, कोण हाताने खातं आणि कोण लांब टाकलेलंच खातं, एवढं रोज खायला घालणाऱ्याला आपोआप कळतं, फक्त प्रत्येकाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा म्हणजे "तो तपकिरी कुत्रा" नक्की कुठला यावर वेळेला वाद होत नाही.

लसीची तारीख लिहून ठेवा. इथं एक गैरसमज फार आहे, कानाला खाच असली की लोक समजतात याला लस झालेली आहे. कानाची खाच नसबंदीची खूण आहे. नसबंदीच्या वेळी रेबीजची लस देतात हे खरं, पण ती त्या वेळची, खाच चार वर्षांपूर्वीची असेल आणि नंतर कुणी परत लस दिली नसेल तर तिच्यावर विसंबू नका. पाळीव कुत्र्याचंही तेच, लहानपणी एक डोस दिला आणि कार्ड कपाटात गेलं, असं होतं.

तिसरं काम एका फोनचं आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात आधीच विचारून ठेवा की रेबीजची लस आहे का आणि सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आहे का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लहान आरोग्य केंद्रात लस मिळते पण सीरमसाठी मोठ्या हॉस्पिटलला जावं लागतं असं बऱ्याच ठिकाणी होतं, आणि रात्री नऊ वाजता रडणारं पोर मांडीवर घेऊन हे शोधत फिरण्यापेक्षा आत्ता फोन केलेला बरा. त्याच कागदावर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या श्वानपथकाचा नंबर आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर लिहा.

## टप्पा १: पहिले दोन-तीन दिवस, जेव्हा फक्त वागणं बदलतं

लाळेतला विषाणू चाव्याच्या जागेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा काही आठवडे ते तीन-चार महिने लागतात, कधी त्याहून जास्त, आणि या काळात कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून "याला एवढ्यात कुणी चावलेलं नाही" याला अर्थ नाही, मागच्या सहा महिन्यांत कधी भांडण झालं होतं का ते आठवा. मेंदूत पोचल्यावर विषाणू तिथून लाळेच्या ग्रंथींत उतरतो, आणि लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीच लाळेतून पसरायला लागलेला असू शकतो. पुढे दहा दिवसांचा जो हिशोब येतो तो यामुळेच आहे.

सुरुवातीला काय दिसतं?

- स्वभाव उलटा होतो. लाडात येणारा कुत्रा कोपऱ्यात, पलंगाखाली, गाडीखाली अंधारात जाऊन बसतो. याच्या उलटही होतं, कायम लांब राहणारा भित्रा कुत्रा अचानक जवळ येऊन पायात घुटमळायला आणि हात चाटायला लागतो, आणि लोकांना वाटतं की माणसाळला.
- खाणं सोडतो, पण माती, दगड, लाकूड, कापड, चपला असलं काहीतरी चावतो, गिळतो.
- जुनी, कधीच भरून आलेली चाव्याची जागा सारखी चाटतो, खाजवतो, कुरतडतो.
- आवाज बदलतो. भुंकणं घोगरं होतं किंवा भुंकता भुंकता मध्येच हेल काढल्यासारखं रडणं निघतं. ज्यांनी त्याचा आवाज रोज ऐकलाय त्यांना हे लगेच कळतं.
- डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, नजर कुठंच ठरत नाही, साध्या आवाजालाही दचकतो. थोडा ताप असू शकतो.

यातलं एकच लक्षण दिसलं तर घाबरायचं कारण नाही, कुत्र्याचंही पोट बिघडतं, कुत्राही रुसतो. पण दोन-तीन गोष्टी एकदम आणि तेही एक-दोन दिवसांत बदलल्या असतील तर त्या क्षणापासून त्याला हात लावणं बंद. हाताने औषध नाही, थर्मामीटर नाही, मायेने कुरवाळणं पण नाही.

तपासा: तो बदल तुमच्याशिवाय अजून कुणाला जाणवलाय का? वॉचमन, चहाच्या टपरीवाला, सकाळी दूध टाकणारा यांना विचारा. लांबून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून वेटला पाठवा.

## टप्पा २: खवळलेलं रूप

हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. कुत्रा एका जागी थांबत नाही, आपला इलाका सोडून मैलोनमैल भटकतो, वाटेत जे येईल त्याला चावतो, माणूस, गाय, दुसरी कुत्री, गाडीचं टायर, लोखंडी गेटसुद्धा. न भुंकता, न गुरगुरता चावतो, ही मोठी खूण, कारण साधा चिडलेला कुत्रा आधी इशारा देतो. हवेतच माशी पकडल्यासारखा जबडा मारतो. काठी उगारली तरी घाबरत नाही, उलट काठीच धरतो. साधारण एक ते सात दिवस हे चालतं, मग चाल झोकांड्या खायला लागते, झटके येतात आणि मागचे पाय लुळे पडतात.

सावध: असा कुत्रा दिसला तर पळू नका आणि ओरडू नका. त्याच्या नजरेला नजर न देता हळूहळू मागे सरका, मध्ये बॅग, छत्री, खुर्ची काहीतरी धरा, दाराआड व्हा. मुलांना आधी आत घ्या.

## टप्पा ३: मुकं रूप, जिथं सगळ्यात जास्त फसायला होतं

प्रत्येक पिसाळलेला कुत्रा खवळतोच असं नाही. बऱ्याच कुत्र्यांत खवळण्याचा काळ इतका छोटा असतो की कुणाच्या लक्षातही येत नाही, किंवा येतच नाही, आणि ते सरळ लुळे पडायला लागतात. कुत्रा शांत बसलेला असतो, खालचा जबडा लोंबतो, जीभ बाहेर, लाळेची तार लागलेली, घशातून घरघर. तोंड मिटता येत नाही, गिळता येत नाही. बघणाऱ्याला पहिली शंका येते ती "घशात हाड अडकलंय".

आणि मग कुणीतरी चांगल्या मनाचा माणूस तोंडात हात घालतो.

आमच्या जवळच्या एका सोसायटीत हेच झालं होतं. कुत्री वर्षानुवर्षं गेटवर बसणारी, कधी कुणाला चावली नाही, तिचं तोंड उघडं राहिलेलं बघून दोघांनी टॉर्च लावून, बोटं घालून आत हाड शोधलं. हाड नव्हतंच. तीन दिवसांत ती गेली. ती चावली नव्हती म्हणून त्या दोघांना इंजेक्शन घ्यायला पटवायला आख्खी संध्याकाळ गेली, "चावली कुठं, नुसती लाळ लागली" हेच चाललं होतं, आणि एकाच्या बोटाला नखाशेजारी साल निघालेली होती. लाळ आणि फुटलेली कातडी, विषाणूला एवढं पुरतं. दोघांनी पूर्ण कोर्स घेतला, दोघं व्यवस्थित आहेत.

खरंच हाड अडकलेला कुत्रा बहुतेक वेळा पंजाने तोंड ओरबाडतो, डोकं झटकतो, अस्वस्थ असतो. जबडा लुळा पडलेला कुत्रा सहसा तसं करत नाही, नुसता बसून राहतो. पण या फरकावर भरवसा ठेवून हात घालू नका, तो निर्णय हातमोजे घातलेल्या, स्वतः लस घेतलेल्या वेटचा आहे.

### पाण्याचा गैरसमज

पाण्याची भीती हे माणसाला रेबीज झाल्यावरचं लक्षण आहे. कुत्रा पाण्याला घाबरत नाही. पिसाळलेला कुत्रा डबक्यात तोंड घालतो, प्यायचा प्रयत्न करतो, कधी सुरुवातीच्या दिवसांत नीट पितोही, फक्त पुढे घसा लुळा पडला की पाणी तोंडातून परत खाली सांडतं. तेव्हा वाटीभर पाणी पुढे ठेवून "टेस्ट" करणं बंद करा, त्यातून काही कळत नाही आणि वाटी ठेवायला जाणारा हात मात्र धोक्यात जातो.

## टप्पा ४: दुसरं काही असू शकतं का

प्रत्येक लाळ गळणारा कुत्रा पिसाळलेला नसतो, आणि त्या नुसत्या संशयावर कुत्री दगडांनी मारलेली मी बघितलीत. ते बघून झोप लागत नाही. म्हणून हे वाचाच.

भाद्रपदाच्या आसपास कुत्र्यांचा माजाचा हंगाम असतो, तेव्हा टोळ्या फिरतात, रात्रभर भांडणं होतात, नर अंगावर येतात. पण ते इशारा देतात, खातात-पितात, आणि हंगाम सरला की शांत होतात. पुढे थंडीत पिल्लं झालेली कुत्री पिल्लांजवळ गेल्यावर चावते, पिल्लांपासून लांब असली की ती नेहमीसारखीच असते. मे महिन्यात उन्हाने तापलेला कुत्रा प्रचंड धापा टाकतो, लाळ गाळतो, झोकांड्या खातो. विषबाधेत लाळ, उलटी, थरथर हे सगळं काही तासांत एकदम सुरू होतं. डिस्टेंपरमध्ये, हा कुत्र्यांचा एक वेगळा विषाणूचा आजार, नाकाडोळ्यांतून घाण येते, पाय किंवा जबडा ठेका धरल्यासारखा उडत राहतो, झटके येतात, आणि हा रेबीजसारखा सगळ्यात जास्त दिसतो, बाहेरून वेटलाही खात्री देणं अवघड जातं. खरूज होऊन केस गेलेला कुत्रा कितीही वाईट दिसला तरी खरजेचा रेबीजशी काही संबंध नाही.

जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही हे नक्की सांगणारी, भरवशाची रक्ततपासणी नाही. खात्री होते ती कुत्रा मेल्यावर मेंदूच्या तपासणीत. तोपर्यंत शंका म्हणजे रेबीजच असं धरून आपण वागायचं, फक्त कुत्र्याला मारायचं नाही.

## टप्पा ५: कुत्र्याला वेगळं करणं

क्रम असा ठेवा. आधी माणसं आणि मुलं लांब, मग बाकीची कुत्री-मांजरं लांब, आणि मग या कुत्र्याला आडोसा. तो आधीच कुठल्या खोलीत, जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात बसला असेल तर नुसतं दार लावून घ्या, फळी आडवी लावा. पट्टा घालायला जाऊ नका, पोत्यात भरायला तर अजिबात नाही. मग श्वानपथकाला फोन. "पिसाळल्यासारखा वाटतोय" एवढं सांगून भागत नाही, "जबडा लोंबतोय, काल संध्याकाळपासून गिळत नाही, दोघांना चावलाय, सध्या अमुक जागी बंद आहे" असं सांगा, व्हिडिओ पाठवा, तक्रारीचा नंबर घ्या.

काठ्यांनी मारण्याने तीन गोष्टी बिघडतात. मारताना लाळ उडते आणि मारणारेच धोक्यात येतात. डोकं फुटलं की मेंदू तपासता येत नाही, म्हणजे ज्यांना चावला त्यांना कायम शंकेत राहावं लागतं. आणि बाकीची बिथरलेली कुत्री, ज्यांना हा आधीच चावलेला असू शकतो, ती दुसऱ्या वस्त्यांत पांगतात आणि मग कुणालाच हिशोब लागत नाही.

## टप्पा ६: माणसाचा उपचार, पाचव्या टप्प्याच्या बरोबरीने

हा टप्पा सहावा लिहिलाय तरी वेळ तीच, दुसऱ्या माणसाने त्याच मिनिटाला सुरू करायचा.

धुणं. विषाणूला चरबीचं वेष्टन असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून नुसतं पाणी नको, साबण हवाच, अंगाचा, कपड्याचा, कुठलाही. १५ मिनिटं घड्याळ लावून. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन असेल तर लावा. हळद, मिरची, चुना, तेल, तंबाखू, झाडपाला यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. घट्ट पट्टी नको, आणि डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय टाका नको.

कुठली जखम कितपत. धड कातडीवर नुसतं चाटलं तर धुणं पुरे. रक्त न येता ओरखडा, बारीक खरचटणं असेल तर लस. रक्त आलं असेल, किंवा फुटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल तर लस आणि सीरम दोन्ही. पिल्लाचे बारीक दात पण यातच येतात, "पिल्लूच तर होतं" हे ऐकून घेऊ नका.

सीरम कशाला? लस घेतल्यावर शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवरचं काम सीरम करतं. ते जखमेतच आणि तिच्या भोवती टोचतात, दुखतं, पण सोडायचं नाही. पहिल्या दिवशीच घ्यावं, राहिलंच तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत.

तारखा. पहिला डोस तो शून्यावा दिवस धरून, कातडीत देतात ती लस ०, ३, ७, २८ या दिवशी आणि स्नायूत देतात ती ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. मोठ्यांना दंडावर, अगदी लहान मुलांना मांडीवर, कुल्ल्यावर नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, त्या भीतीने घरी बसलेली माणसं अजून भेटतात म्हणून मुद्दाम सांगतेय. आधी कधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर साधारण ० आणि ३ असे दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही, जुना कागद दाखवा.

सावध: माणसात लक्षणं सुरू झाल्यावर वाचवता येत नाही, जे काही करायचं ते त्याआधी. गरोदरपण, बाळंतपण, तापातलं मूल, यातलं काहीही लस लांबवायचं कारण नाही.

### विचारायची यादी

कुत्र्याचा बदल ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या दहा दिवस मागे जा आणि कुणाकुणाला चावला, ओरखडला, कुणाच्या जखमेला चाटला ते लिहा. मुलांना वेगळं बसवून, प्रेमाने विचारा, "कुणी रागावणार नाही" हे आधी सांगून. मार बसेल, खेळायला जाणं बंद होईल म्हणून मुलं ओरखडा लपवतात, बाहीखाली, मोज्याखाली. हात-पाय स्वतः उजेडात बघा. त्या कुत्र्याने गाय किंवा म्हैस चावली असेल तर जनावरांच्या डॉक्टरला कळवा आणि तिचं निरसं दूध कुणाला देऊ नका.

## टप्पा ७: दहा दिवसांची नोंद

चावलेला कुत्रा सापडण्यासारखा आणि वरवर निरोगी असेल तर दहा दिवस बघायचं. चाव्याच्या वेळी लाळेत विषाणू असेल तर या दहा दिवसांत तो कुत्रा आजारी पडतो आणि मरतो. हा हिशोब फक्त कुत्रा आणि मांजर यांचा आहे, माकड, मुंगूस, कोल्हा यांना लावू नका.

कुत्रा बांधून किंवा बंद ठेवा, खाणं-पाणी काठीने सरकवा, एकच माणूस नेमा. रोज सकाळ-संध्याकाळ तारीख घालून चार गोष्टी लिहा: खाल्लं का, गिळता आलं का, चाल कशी आहे, आवाज कसा आहे. रोज एक छोटा व्हिडिओ. भटका कुत्रा असेल तर त्याच्या नेहमीच्या जागी रोज दिसला का एवढं तरी टिपा.

इथं होणारी चूक: दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ. नाही. लस शून्य दिवसालाच सुरू होते. दहा दिवसांनी कुत्रा धडधाकट असला तर पुढचे डोस बदलायचे का ते डॉक्टर ठरवतात. कुत्रा गायब झाला, मेला, गाडीखाली आला, तर कोर्स पूर्ण. कुत्रा लसवाला आहे म्हणून स्वतःचं इंजेक्शन परस्पर टाळायचं नाही.

## टप्पा ८: कुत्रा मेल्यानंतर

उघड्या हाताने उचलू नका. जाड हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा. कुणाला चावला असेल तर पुरण्याआधी वेटला किंवा श्वानपथकाला विचारा की नमुना पाठवायचा आहे का, तोवर दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, भोवती बर्फ ठेवून सावलीत ठेवा, डोकं कापायचा प्रयत्न स्वतः करू नका. जागा साबणाच्या पाण्याने आणि मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. वाळलेल्या लाळेत, उन्हात विषाणू फार टिकत नाही, तेव्हा आख्खी गल्ली घाबरायचं कारण नाही.

आता उरलेली कुत्री. ज्यांना तो चावला किंवा चावला असावा अशी शंका आहे, त्यांच्या जखमा हातमोजे घालून साबणाने धुवा आणि चावल्यानंतरचे डोस वेट देतील त्या तारखांना पूर्ण करा, आधी लस झालेली असली तरी. पुढचे सहा महिने टप्पा १ ची यादी त्यांच्यासाठी डोळ्यापुढे ठेवा. बाकी सगळ्यांना, तीन महिन्यांपुढच्या प्रत्येक पिल्लासकट, लस द्या, आणि पुढच्या वर्षीची तारीख फोटोखाली लिहून तो कागद सोसायटीच्या बोर्डावर लावा, कारण तुम्ही गावाला गेलेला असताना कुत्रा आजारी पडला तर वॉचमनला तोच कागद लागणार आहे.